नाशिकचं निमित्त आणि वैशाखातली गोधडी

लढाई सुरू झाल्यापासून स्टेशनांवर पाट्या लागल्या आहेत की गरज असेल तरच प्रवास करा. धुळ्याच्या फलाटावर ती पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला सरकारची कीव आली. रंग फुकट घालवला. आमच्या खानदेशात गरज नसताना प्रवास केलाय कुणी? लग्न असावं, बाळंतपण असावं, कोर्टाची तारीख असावी, कुणी तरी गेलेलं असावं, नाहीतर निदान देव तरी असावा. यांतलं काहीच नसताना माणूस गाडीत बसला, तर एक तर त्याचं डोकं फिरलेलं असतं, नाहीतर तो घर सोडून पळत असतो. तिसरी शक्यता आमच्याकडे धरत नाहीत.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही लढाईच्या चार-पाच वर्षं आधी, एका उन्हाळ्याच्या सुटीत, मी नुसते डोंगर पाहायला जायचा बेत आखला होता.

मी धुळ्यात शाळेत भूगोल शिकवतो. सह्याद्री हा माझा हातखंडा विषय. थळ घाट आणि बोर घाट मी असे काही शिकवतो की पोरांना फळ्याजवळ गार वारा लागावा. आगगाडी कशी वळणं घेते, बोगद्यात कशी शिरते, दरीवरच्या पुलावरून कशी जाते, सगळं हातवारे करून. इन्स्पेक्टर साहेबांनी एकदा शेरा मारला होता की मास्तरांचं निरीक्षण दांडगं आहे. मी तो शेरा नम्रपणे ऐकून घेतला. खुद्द मी तेव्हा मनमाडच्या पुढे गेलेलो नव्हतो, आणि मनमाडलाही एका वऱ्हाडात गेलो होतो, तेव्हा मांडवापलीकडे काही पाहिलं नव्हतं.

पण बेत मला सुचला नाही. तो सुचला आमच्या घरातून, म्हणजे माझ्या बायकोला. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचा पुण्याचा भाऊ आला होता. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. हिचे आईवडील नव्हते, म्हणून भाऊच माहेर घेऊन यायचा. जेवताना तो सहज म्हणाला की मागच्या वैशाखात साहेबाबरोबर माथेरानला गेलो होतो, तिथे पहाटे कांबळं घ्यावं लागतं. आम्ही सगळे हसलो. वैशाखात धुळ्याला आम्ही धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर, झोपतो, चादर पाण्यात पिळून अंगावर घेतो, आणि ती पाठ टेकायच्या आत सुकते. ही मात्र हसली नाही. भांडी आवरताना तिने भावाला पुन्हा विचारून घेतलं. खरंच कांबळं? का नुसती चादर?

भाऊ गेल्यावर चार दिवसांनी ती मला म्हणाली, "मला एकदा वैशाखात गोधडी घेऊन झोपायचंय."

मी म्हटलं, हे काय भलतंच. तर ती म्हणाली की लग्नाला इतकी वर्षं झाली, आगगाडीत मी कितीदा बसले, पण प्रत्येक वेळी पुढच्या गावाला एक तर चूल वाट पाहत होती, नाहीतर रडणं. आणि खिडकीपाशी बसले नाही कधीच. खिडकीशी पोरं, नाहीतर बोचकी, नाहीतर कुणाचे तरी सासरे.

हे खरं होतं. शिवाय माझाही स्वार्थ होता. थळ घाट एकदा डोळ्यांनी पाहिला असता, तर हातवारे तरी बरोबर दिशेला केले असते.

मग मी वेळापत्रकाचं पुस्तक मिळवलं आणि बेत करायला बसलो. बेत करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. करून दाखवण्याचा भाग सोडला तर मी पट्टीचा प्रवासी आहे. धुळ्याहून चाळीसगाव, तिथे मोठ्या लाइनची सकाळची गाडी धरायची, म्हणजे घाट उजेडी पडेल. इगतपुरीला वाफेचं इंजिन सोडून विजेचं लावतात, ते खाली उतरून पाहायचं. मग थळ घाट उतरून कल्याण, तिथे पुण्याची गाडी, आणि नेरळ. नेरळला हिचा भाऊ पुण्याहून येऊन थांबणार. त्याला रजा मोजकी, त्यामुळे ठरल्या दिवशी आम्ही दिसलोच पाहिजे, नाहीतर तो आल्या गाडीने परत जाणार, हे त्याने बजावून ठेवलं होतं. नेरळहून छोट्या गाडीने माथेरान. तिथे दोन-चार रात्री गोधडी. मग बोर घाट चढून पुणे. म्हणजे एका फेरीत दोन्ही घाट! नकाशा आडवा-उभा धरून दरी कुठल्या अंगाला लागेल तेही मी काढलं, आणि ओसरीवर पाट मांडून हिला दाखवलं की तू अशी बसायचीस, तोंड असं. ती बसली. समोर आमची तुळस आणि शेजाऱ्यांची म्हैस होती, तिकडे ती बराच वेळ बघत बसली.

मुलांची सोय बहिणीकडे झाली. आईला एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून ती बरोबर येणार होती. तिला कुठे, कशाला, हे मी सांगितलं नव्हतं. म्हातारं माणूस, डोंगर पाहायला जातोय म्हटलं तर काय म्हणेल, अशी मला धास्ती होती.

एवढं सगळं जमलं होतं. आणि मग सोनगीरहून आबा आले.

आबा म्हणजे माझे चुलते. वडिलांच्या मागे घरातला शेवटचा शब्द त्यांचा. शेतीच्या कामाने धुळ्याला आले की आमच्याकडे जेवत. मी त्यांना पान वाढून झाल्यावर, आवाज शक्य तितका साधा ठेवून सांगितलं की सुटीत जरा बाहेर जावं म्हणतोय. कुठे? तर डोंगर पाहायला.

आबांनी घास खाली ठेवला. "डोंगर देखाले? आन तिकीट काढीसन?"

मी मान हलवली.

"सोनगीरले ये. बठ्ठा डोंगर फुकट देखाडस तुले. वर किल्ला भी शे."

तेवढ्यावर ते थांबले असते तर बरं. पण ते माझ्याकडे बघत राहिले, बापाने मुलाला ताप आलाय का ते बघावं तसे. नोकरी ठीक आहे ना, असं त्यांनी हळूच विचारलं. स्वयंपाकघराच्या दारात ही उभी होती. तिने मला नंतर एकच सांगितलं, की नुसतं हो म्हणायचं होतं. डोंगर पाहायला चाललोय, बस. पण चुलत्यांच्या त्या नजरेखाली माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे तसं नाही, आबा. आईच्या मनात फार दिवसांपासून नाशिक आहे. रामकुंडावर स्नान, त्र्यंबकचं दर्शन. तिला घेऊन जातोय. डोंगर आपले वाटेत."

आबांचा चेहरा उजळला. घास त्यांनी उचलला. पोरगा शहाणा होता, आणि वहिनीचं सोनं होणार होतं.

आता नाशिक हे निमित्त म्हणून फार भक्कम आहे, आणि तीच गोची आहे. खोटं निमित्त सांगायचंच तर हलकं सांगावं. दातदुखी सांगावी. त्यात दुसरा कुणी येऊन बसत नाही. नाशिक सांगितलं की तिथे सगळ्या खानदेशाची कामं पडलेली असतात. कुणी तरी जाईल, त्याच्याबरोबर करू, म्हणून ती वर्षानुवर्षं थांबलेली असतात. मी तो कुणी तरी झालो.

दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले की ते स्वतःही येतात, वहिनीला सोबत होईल. आठवड्याच्या आत त्यांच्या साडूच्या अस्थी आल्या. साडू अमळनेरकडचे. त्यांच्या अस्थींचं मडकं फडक्यात बांधून शेताच्या बांधावरच्या झाडाला टांगलेलं होतं, गोदावरीला जाणारं कुणी मिळेपर्यंत. ते आता मिळालं होतं. हे मडकं घरात आणायचं नसतं आणि जमिनीला टेकवायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ते आमच्या अंगणातल्या लिंबाला टांगलं गेलं, आणि मी शाळेतून येता-जाता त्याला नमस्कार करू लागलो. नातं असं की जिवंतपणी आम्ही एकमेकांना ओळखलंही नसतं.

मग धरणगावचे नाना आले. नाना म्हणजे आईचे धाकटे भाऊ, कापसाच्या व्यापारातले, बोलण्यात घाईचे. त्यांच्या मुलासाठी नाशिकची मुलगी सांगून आली होती. ती बघायला ते आमच्याबरोबर येणार, कारण मुलीची परीक्षा घ्यायला घरातला शिकलेला माणूस हवा. "मास्तर, प्रश्न तू विचारायचे," नाना म्हणाले. "आम्ही नुसती दशमी खाऊ." त्यांच्याबरोबर नाशिकच्या सोयऱ्यांसाठी लोणच्याच्या दोन बरण्या होत्या. त्या फुटू नयेत म्हणून काही जाड गुंडाळायला मिळतं का ते बघता बघता त्यांची नजर हिने बांधून ठेवलेल्या गोधडीवर गेली. वैशाखात गोधडी कशाला नेतेस सूनबाई, हे चालेल की.

"गोधडी मिळणार नाही," ही म्हणाली.

त्या सबंध आठवड्यात ती एवढंच बोलली. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी वेळापत्रकाकडे पाहिलं. बरण्या शेवटी माझ्या धोतरात गुंडाळल्या.

मी हिची समजूत घातली. म्हटलं, एका दिवसात नाशिक उरकतो, दुसऱ्या दिवशी पुढची गाडी. तुझ्या भावाला तार करू. तिच्या भावाची रजा मलाही माहीत होती आणि नाशिकचं एका दिवसात काय उरकतं तेही. रामकुंड, त्र्यंबक, मुलीचं घर, सोयऱ्यांचं जेवण, मग सोयऱ्यांच्या सोयऱ्यांचं जेवण. मी आईची आणि हिची नेरळपर्यंतची तिकिटं तरीही काढली, माझंही काढलं. तिकीट खिशात असलं की बेत जिवंत आहे असं वाटतं.

चाळीसगावला मोठ्या लाइनच्या गाडीत आम्ही शिरलो. नाना मधे धरणगावला परतले होते, ते जळगावकडून त्याच गाडीने येत होते, त्यांनी जागा धरून ठेवली होती. खिडकी होती. दरीच्याच अंगाची, माझ्या नकाशाप्रमाणे अगदी बरोबर. मी हिच्याकडे अभिमानाने पाहिलं. तेवढ्यात आबांच्या हातातलं मडकं पुढे आलं. ते खाली ठेवता येत नव्हतं, मांडीवर घेता येत नव्हतं, आणि डब्यात टांगायला खुंटी एकच होती, त्या खिडकीच्या वर. साडू खिडकीशी बसले. त्यांना अडकून धक्का लागू नये म्हणून खिडकीजवळ कुणी बसायचं नाही असं ठरलं. गाडी नांदगावला गेली, मनमाडला गेली, आणि जिवंतपणी अमळनेर सोडून कुठे न गेलेला तो माणूस हलत-डुलत सगळा मुलूख बघत होता. ही पलीकडच्या टोकाला, बोचक्यांत, गोधडी पोटाशी धरून. आई तिच्या शेजारी डोळे मिटून.

आबांनी दशम्या सोडल्या. नानांनी मुलीला विचारायचे प्रश्न मला सुचवले. गहू निवडता येतो का, कीर्तन ऐकते का, रागीट आहे का. शेवटचा प्रश्न मुलीलाच कसा विचारायचा, असं मी म्हटलं. नाना म्हणाले, तेच तर तुझं शिक्षण.

नाशिक रोड आलं आणि उतरायची धांदल झाली. नाना बरण्या घेऊन, आबा टांगा ठरवायला म्हणून पुढे गेले. मी खुंटीवरून मडकं काढलं आणि फलाटावर उतरलो. मागे वळून पाहिलं, तर आई आणि ही उतरलेल्या नव्हत्या. उलट मडकं निघाल्याबरोबर ही सरकत सरकत खिडकीशी आली होती आणि आई तिच्या शेजारी ऐसपैस बसली होती.

मी खिडकीतून हाक मारली. आई, उतर, नाशिक आलं.

आईने डोळे उघडले. "नाशिकनं नाव मी कव्हय लिधं व्हतं का?"

आबांना सांगितलेलं तिच्या कानावर कधी गेलं, आणि गेलं असून ती इतके दिवस गप्प का बसली, हे विचारायला तो फलाट योग्य नव्हता. मी म्हटलं, अगं पण आबा काय म्हणतील.

"तुना आबा, तुनं नाशिक. तू जाय, देव देख. मी नि वहू म्होरे जातस. माले थंडी देखनी शे."

म्हणजे हिने तिला सगळं सांगितलं होतं. घाट, छोटी गाडी, गोधडी, सगळं. ज्या म्हातारीच्या नावावर मी हा देव उभा केला, ती डोंगरांचं पक्कं गिऱ्हाईक निघाली. मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी उतरत नाही. तुम्ही चढा."

चढणं सोपं होतं. दार पुढ्यात होतं, गाडी उभी होती, माझं तिकीट नेरळचं होतं. पण माझ्या दोन हातांत आबांचे साडू होते. त्यांना फलाटावर ठेवता येत नव्हतं. त्यांना घेऊन चढावं तर गोदावरी मागे राहते आणि ते माझ्याबरोबर थंड हवेच्या ठिकाणी येतात. कुणाच्या हातात द्यावं तर नाना दिसत नव्हते, आणि परका माणूस मडकं पाहून चार पावलं लांब जात होता. मी आबांना हाक मारली. आबा फाटकापलीकडे टांगेवाल्याशी हुज्जत घालत होते आणि रंगात आले होते.

शिटी झाली.

"तिकिटं," ही म्हणाली. माझे हात गुंतलेले बघून तिनेच खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या कोटाच्या खिशातून तिकिटं घेतली. तीन होती. दोन ठेवून तिसरं तिने परत माझ्या खिशात घातलं आणि खिसा वरून थापटला. त्या थापटण्यात राग नव्हता, हे मला अजून आठवतं. उलट मुलाला शाळेत सोडताना थापटतात तसं काहीतरी होतं.

गाडी हलली. आई खिडकीतून म्हणाली, "मडकं नीट धर. खाले ठेवू नको."

पुढचं नाशिक मी यथासांग केलं. आबा पहिल्यांदा फार भडकले, मग घाबरले. दोन बायका, एकट्या, पुढे. मी नेरळला मेव्हणा उभा आहे म्हटल्यावर थोडे निवले, आणि रामकुंडावर पोचेपर्यंत त्यांनी यातून वाट काढली होती. वहिनीचं स्नान झालं, दर्शन झालं, आणि मग सून तिला आपल्या भावाकडे घेऊन गेली, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे नानांना बजावलं, मला बजावलं, आणि संध्याकाळपर्यंत ते त्यांचं त्यांनाच खरं वाटू लागलं. अस्थिविसर्जन झालं. माझे हात मोकळे झाले तेव्हा ते खांद्यापासून दुखत होते.

दुसऱ्या दिवशी मुलगी पाहिली. चांगली हुशार दिसणारी मुलगी होती. गव्हाचं झालं, कीर्तनाचं झालं. मग नानांनी मला कोपराने ढोसलं, शिकलेला प्रश्न विचार. मला ऐन वेळी दुसरं काही आठवेना. मी विचारलं, "थळ घाट कुठे आहे?"

"इथून पुढे, इगतपुरीच्या खाली," मुलगी म्हणाली. "आमची आत्या कल्याणला असते, त्यामुळे नेहमी जाणं होतं. तुम्ही तर पुष्कळदा गेला असाल."

मी मुलगी पसंत असल्याचं नानांना सांगितलं.

पुढे जाता आलं असतं का? आलं असतं. तिकीट होतं. पण आबांना त्र्यंबक राहिलं होतं, नानांना सोयऱ्यांशी देण्याघेण्याचं बोलायला माझी साक्ष हवी होती, आणि परतीच्या वाटेवर एका ओळखीच्या घरी वर्षश्राद्धाला तोंड दाखवायचं होतं. नाशिकला आलेला माणूस तसा सुटत नाही. माझं नेरळचं तिकीट खिशातच जिरलं आणि मी आबांबरोबर धुळ्याला परत आलो. घर रिकामं. धाब्यावर चादर पिळून पसरली आणि आडवा झालो. ती माझ्या अंगावर सुकत असताना मी हिशेब केला की या वेळी घाट उतरून, माथेरान चढून, त्या दोघी काय करत असतील. झोपेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर घाट आला नाही. गोधडीच आली.

पंधरा दिवसांनी त्या पुण्याहून परत आल्या, बोर घाट चढून-उतरून आणि पुन्हा थळ घाट चढून, म्हणजे माझा अख्खा बेत जसाच्या तसा पार पाडून. आबांची हकिकत त्यांच्या आधी गल्लीत पोचली होती. शेजारणी आईच्या पाया पडायला आल्या, नाशिक करून आलेल्या बाईच्या पडतात तशा. आईने मी आणलेला प्रसाद सगळ्यांना आपल्या हाताने वाटला, आशीर्वाद दिले, आणि मग मांडी घालून सांगायला बसली, "माय वं, गाडी डोंगरना पोटमा घुसस, नि त्या बाजूथीन बाहेर निंघस." शेजारणींनी हात जोडले. हा देव त्यांनी ऐकलेला नव्हता, पण नाशिककडे असेल असं त्यांना वाटलं.

मी हिला बाजूला घेऊन विचारलं. थळ घाटात बोगदे किती लागले? आमच्या पुस्तकात आकडा होता आणि तो मला ताडून पाहायचा होता.

"मोजले नाहीत," ती म्हणाली. "बघत होते."

मग दरी कुठल्या अंगाला होती? आधी एका, मग दुसऱ्या, असं ती म्हणाली. म्हणजे माझा नकाशाही अर्धाच बरोबर निघाला होता. तेव्हापासून थळ घाटाचा धडा आला की मी घरी आदल्या दिवशी या दोघींची शिकवणी घेतो. आई बोगदा सांगते, ही पूल सांगते, आणि दुसऱ्या दिवशी मी हातवारे करतो. शिकवणं पूर्वीपेक्षा सुधारलं आहे, असं पोरं म्हणतात. पुढच्या वर्षी जाऊ, असं मी दरवर्षी म्हणत राहिलो, मग लढाई आली आणि पाट्या लागल्या.

गोधडी मात्र तिने धुवायला टाकली नाही. पेटीच्या तळाशी घडी करून ठेवली. मी एकदा वास घेऊन पाहिला, धुराचा आणि ओल्या मातीचा होता. थंडी किती होती, असं मी विचारलं, तेव्हा ही भाकरी थापत होती.

"पहिल्या रात्री सासूबाईंनी ओढून घेतली," ती म्हणाली. "दुसऱ्या रात्री मी दिली नाही."